जुन्या बोर्डावर दोन किटकॅट का? थोडी पार्श्वभूमी

जुन्या घराचं काम काढलं की सागवानी पट्टीवरच्या वायरी, गोल लाकडी ठोकळे, बेकेलाइटची काळी बटणं आणि खिडकीशी ठोकलेले चिनीमातीचे गुट्टे दिसतात. गुट्टे बहुधा रेडिओच्या एरियलचे. ट्रान्झिस्टर आल्यावर तार गेली, गुट्टे राहिले. गोल पिनांच्या प्लगचंही तसंच: ब्रिटनने १९४७ मध्ये चौकोनी पिनांचा, पोटात फ्यूज असलेला प्लग स्वीकारला, आपण गोल पिनांवरच राहिलो.

खरा घोळ आहे तो मीटरशेजारच्या दोन किटकॅटचा, म्हणजे फ्यूजची तार बसवायच्या चिनीमातीच्या खोबण्यांचा. एक फेजवर (जिवंत तारेवर), एक न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर). सुरुवातीच्या डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेच्या) पुरवठ्यात दोन्हीपैकी कोणतीही तार जिवंत असू शके, म्हणून दोन्हींवर फ्यूज घालणं शहाणपणाचं होतं. एसी (दिशा बदलत वाहणारी वीज) आला, न्यूट्रलला अर्थिंग मिळालं, म्हणजे ती जमिनीशी जोडली गेली, पण वायरमनची सवय बदलली नाही.

नव्या व्यवस्थेत ही सवय घातक ठरते. न्यूट्रलचा फ्यूज आधी उडाला तर दिवा विझतो, पण फेज होल्डरपर्यंत तशीच उभी असते. वीज गेली समजून माणूस हात घालतो. १९५६ च्या विद्युत नियमांनी अर्थ केलेल्या न्यूट्रलवर एकटा फ्यूज किंवा एकटा स्विच घालायला मनाई केली. तरीही पुढे कितीतरी वर्षं जोडी बसत राहिली. अनेक जुने वायरमन तिची बाजू मनापासून घेत: खांबावर किंवा मीटरवर फेज-न्यूट्रल उलटे जोडले गेले, तर एकटा फ्यूज नेमका न्यूट्रलवर येतो आणि फेज मोकळी राहते. भीती खरी आहे. पण त्यावर उपाय दुसरा फ्यूज नव्हे. जोडणी तपासून घेणं हा आहे, आणि ते काम पाच मिनिटांचं आहे.

म्हणून अशी जोडी सापडली की मेन बंद करून परवानाधारक वायरमनकडून न्यूट्रलच्या किटकॅटच्या जागी सरळ लिंक (फ्यूज नसलेला सलग जोड) घालून घ्यावी, किंवा दोन्ही तारा एकदम तोडणारा डबल पोल एमसीबी (जादा प्रवाह आला की आपोआप पडणारा स्विच) बसवावा. पट्टीवरची वायर मात्र वाचवायच्या भानगडीत पडू नये. कापडी वेष्टनाखालचं रबर वाळून तडकलेलं असतं. बटण बदलताना वायर जरा वाकवली की ते गळतं आणि तांबं उघडं पडतं.