कोलेस्टेरॉल आणि उतारवयातील स्मरणशक्ती

रक्तातील कोलेस्टेरॉलची पातळी आणि वृद्धांची स्मृती, एकाग्रता व निर्णयशक्ती यांचा परस्परसंबंध. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण शरीरातले २० टक्क्यांहून अधिक कोलेस्टेरॉल त्यात असते, मुख्यतः चेतातंतूंवरच्या मायलिनच्या आवरणात. हे कोलेस्टेरॉल मेंदू स्वतःच तयार करतो. रक्तातले एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, त्यात सहसा शिरत नाही. त्यामुळे नागपुरी पोह्यांवरच्या तर्रीचा तवंग थेट मेंदूत जात नाही. हानी होते ती रक्तवाहिन्यांच्या वाटेने: त्या अरुंद होतात, पक्षाघाताचा धोका वाढतो आणि मेंदूला रक्तपुरवठा कमी पडतो.

यात वयाला फार महत्त्व आहे. मध्यमवयातले वाढलेले एलडीएल पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये ते टाळता येण्याजोग्या १४ कारणांत घेतले. सत्तरीनंतर मात्र हे नाते धूसर होते, कधी उलटेही दिसते. होनोलुलूतील जपानी वंशाच्या पुरुषांच्या दीर्घ पाहणीत, पुढे स्मृतिभ्रंश झालेल्यांचे कोलेस्टेरॉल निदानाच्या कितीतरी वर्षे आधीपासून उतरत गेलेले आढळले. म्हणजे ही घट आजाराचे कारण नसून त्याची चाहूल असू शकते. भूक मंदावणे आणि वजन घटणे तिच्या जोडीने येते. गोळी किंवा पथ्य नसताना आजोबांचे कोलेस्टेरॉल आपोआप उतरले, तर घरच्यांनी त्यात समाधान मानू नये, डॉक्टरांना दाखवावे.

कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या एपीओई प्रथिनाच्या जनुकाचा ‘ई४’ प्रकार अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या आजाराचा धोका वाढवतो, हे १९९३ मध्ये उघड झाले. तो असला की आजार होतोच, असे मात्र नाही.

कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांमुळे विसरायला होते, अशी भीती सर्रास ऐकू येते. २००२ च्या ‘प्रॉस्पर’ चाचणीत ७० ते ८२ वर्षांच्या ५,८०४ जणांत प्रवास्टॅटिन या स्टॅटिनने स्मरणशक्ती सुधारली नाही, बिघडलीही नाही. क्वचित कुणाला तक्रार होते. ती बहुधा औषध थांबवल्यावर जाते. पण ऐकीव माहितीवर गोळी परस्पर बंद करणे हृदयविकार असलेल्या माणसाच्या जिवावर बेतू शकते.

थायरॉइड मंदावल्यास कोलेस्टेरॉल चढते आणि विचारही संथ होतात, दोन्ही एकाच वेळी. हे उपचाराने सुधारते, म्हणून विसराळूपणाला ‘वयच झालं आता’ म्हणत बसण्याआधी नागपूरकरांनी मेडिकल, मेयो किंवा एम्स रुग्णालयात लिपिडसोबत (रक्तातल्या कोलेस्टेरॉल व चरबीच्या तपासणीसोबत) थायरॉइड व बी-१२ जीवनसत्त्व यांचीही तपासणी करून घ्यावी.

विदर्भात जवसाची चटणी घरोघरी होते. दळलेल्या जवसाने एलडीएल थोडे उतरते. स्मृती सुधारल्याचा ठोस पुरावा नाही.

भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. शाळा न शिकलेल्या वृद्धांची परीक्षा लिहिण्या-वाचण्यावर घेतली तर निदान चुकते. म्हणून औषधाच्या वेळा, बाजारातला हिशेब, नेहमीचा रस्ता यांत काय बदलले, हे घरच्यांना विचारले जाते.