‘अठराविश्वे’त विश्व नाही

महिनाअखेरीला सोलापुरात कुणीतरी म्हणतंच, “घरात अठराविश्वे दारिद्र्य आहे.” त्याचा अर्थ मग ‘अठरा विश्वांएवढी गरिबी’ असा सांगितला जातो. तो चूक आहे. आपल्याकडे भुवनंसुद्धा चौदाच मानतात.

हे ‘विश्वे’ विसातून आलेलं आहे. माझी आजी गोवऱ्या मोजताना वीस झाल्या की एक खडा बाजूला ठेवायची. पाच खडे म्हणजे शंभर. तसे अठरा खडे म्हणजे 360, जुन्या हिशेबाने वर्षाचे दिवस. वर्षातला एकही दिवस न सुटणारी गरिबी, हा त्याचा अर्थ. कुणी विसवा म्हणजे विसावा भाग धरून ‘विसातले अठरा वाटे’ असंही लावतात. मूळ तिथेही वीसच. मला तर विश्वापेक्षा हा रोजच्या चुलीचा हिशेब जास्त बोचतो.

‘फुटकी कवडी’ही नुसती अतिशयोक्ती नाही. मालदीवहून येणारी कवडी खरंच चलनात होती. म्हणून तर सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत ‘चिल्लिगव्व लेदु’ म्हणतात, म्हणजे भोकाची कवडीही नाही. कन्नडमध्ये ‘बिडिगासू इल्ल’, सुटा पैसाही नाही.