लेकर : महासरोवरांवरच्या जुन्या मालवाहू बोटी आणि त्यांचा लळा

अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवर सुपीरियर, मिशिगन, ह्यूरन, ईरी आणि ऑन्टारिओ ही गोड्या पाण्याची पाच महासरोवरे आहेत. त्यांवर लोहखनिज, चुनखडी, कोळसा, धान्य, सिमेंट आणि मीठ वाहणाऱ्या लांब, अरुंद जहाजांना तिथे ‘लेकर’ म्हणतात. समुद्रातून आत येणारे जहाज ते ‘सॉल्टी’, खारट पाण्याचे. लेकर कितीही मोठा असला तरी काठावरचा माणूस त्याला ‘बोट’ म्हणतो, जहाज म्हणत नाही. मुंबई-कोकण आगबोटीने गावी गेलेल्या पिढीला हे समजावून सांगायला नको. त्यांच्यासाठीही ती ‘बोट’च होती. या नोंदीतही तोच शब्द ठेवला आहे.

या बोटींवर, विशेषतः जुन्या बोटींवर, काठच्या लोकांचा विलक्षण जीव आहे. त्या ओळखणे, त्यांचे फोटो काढणे, कोणती कधी बांधली आणि तिची नावे कितीदा बदलली हे पाठ ठेवणे, त्यांच्या भोंग्यांचे आवाज वेगवेगळे ओळखणे, असा हा छंद आहे. तो बाळगणारे स्वतःला कौतुकाने ‘बोटनर्ड’ म्हणवून घेतात. आगगाडीचा नाद असलेल्यांना हे वेड लगेच कळेल. फरक एवढाच की आगगाडीचे इंजिन काही दशकांत बदलते. इथे मात्र आजोबांनी पाहिलेली बोट नातवालाही पाहायला मिळते.

याचे कारण पाणी. समुद्राचे खारे पाणी पोलाद खाते, आणि सागरी मालवाहू जहाज साधारण पंचवीस-तीस वर्षांत भंगारात निघते. गोड्या पाण्यात गंज फार हळू चढतो. त्यामुळे लेकर पन्नास, सत्तर, क्वचित शंभर वर्षेही चालतो. १९०६ साली ‘विल्यम पी. स्नायडर’ या नावाने पाण्यात उतरलेली बोट अनेक नावे बदलत ‘सेंट मेरीज चॅलेंजर’ झाली आणि २०१३ पर्यंत स्वतःच्या वाफेच्या इंजिनावर सिमेंट वाहत राहिली. १९४२ ची ‘अल्पीना’ ही बोट २०२० च्या दशकातही वाफेवरच धावत होती. ‘सरोवर’ या शब्दाने मात्र फसू नये. एकटे सुपीरियर सुमारे ८२,००० चौ. किमी. आहे, अडीच कोकणांहून मोठे. पाचही मिळून जवळपास २,४४,००० चौ. किमी. होतात, म्हणजे महाराष्ट्राच्या सुमारे चार-पंचमांश. मधोमध गेल्यावर कोणताच काठ दिसत नाही.

घडण : लेकरचा जुना आकार १८६९ मध्ये क्लीव्हलँड इथे बांधलेल्या ‘आर. जे. हॅकेट’ या लाकडी बोटीपासून सुरू होतो. तिचा बांधणारा एलाय पेक याने सुकाण्याची केबिन अगदी पुढे नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, नेली आणि इंजिन अगदी मागे. मधला सगळा भाग मालासाठी मोकळा राहिला. डेकवरची झाकणे त्याने २४ फुटांच्या अंतराने ठेवली. सुपीरियरकाठच्या ‘मार्केट’ (Marquette) नावाच्या बंदरात खनिज ओतणाऱ्या पन्हळींशी ती जुळावीत, हा त्यामागचा हेतू होता. १८८२ मध्ये ‘ओनोको’ ही लोखंडी बोट आली, पाठोपाठ पोलाद आले. पण दोन टोकांना दोन घरे आणि मधे लांब सपाट डेक ही ठेवण जवळपास शंभर वर्षे टिकली. जीव जडला तो याच ठेवणीवर. पुढच्या घराच्या गोलसर खिडक्यांच्या रांगेत बोटीला चेहरा आल्यासारखा वाटतो. दोन्ही घरे मागे गोळा केलेल्या नव्या बोटींना तो चेहरा नाही.

लांबी ठरवली ती पाणपायऱ्यांनी, म्हणजे बोटीला पाण्याच्या एका पातळीवरून दुसरीवर नेणाऱ्या दारांच्या हौदांनी, लॉक्सनी. सुपीरियरचे पाणी सेंट मेरीज नदीतून ह्यूरनकडे येताना सुमारे साडेसहा मीटर खाली उतरते. तिथल्या सू सेंट मेरी (थोडक्यात ‘सू’) गावचे लॉक १८५५ मध्ये सुरू झाले. खाली नायगाऱ्याला वळसा घालणाऱ्या वेलंड कालव्यातून सुमारे २२५ मीटरपेक्षा लांब बोट जात नाही. १९६९ मध्ये सूचे ‘पो’ लॉक ३६६ मीटर लांबीचे झाले आणि हजार फुटी बोटींचा रस्ता मोकळा झाला. त्यांतली पहिली १९७२ ची ‘स्टुअर्ट जे. कॉर्ट’. तिची नाळ आणि पिछाडी मिसिसिपी राज्यात बांधून एकमेकींना जोडली. मधले पोट नसलेली ती बुटकी बोट समुद्रमार्गे ईरी गावापर्यंत चालवत आणली आणि तिथे कापून मधे सारा मालाचा भाग बसवला. जिथे कापायचे तिथे ‘इथे कापा’ असे रंगवलेले होते. लोकांनी तिचे नाव ‘स्टबी’, म्हणजे ठेंगणी, असे ठेवले. हजार फुटींत नाळेवर केबिन असलेली ती एकटीच. अशा एकूण १३ बोटी झाल्या. त्यांत सर्वांत लांब १९८१ ची ‘पॉल आर. ट्रेगुर्था’, सुमारे ३०९ मीटर.

माल उतरवणे हे पूर्वी फावडी आणि हातगाड्यांचे, कित्येक दिवसांचे काम होते. १८९९ मध्ये ओहायोतल्या कॉनिऑट इथे जॉर्ज ह्यूलेटचे यंत्र आले. त्याचा चालक बादलीच्या वरच, यंत्राच्या पायाच्या आत बसून स्वतः बोटीच्या पोटात उतरे आणि एका खेपेत कित्येक टन, पुढच्या मोठ्या यंत्रांत सुमारे १७ टन, खनिज घेऊन वर येई. पुढे बोटींनीच आपल्या पोटात माल वाहणारे फिरते पट्टे आणि डेकवर तो काठावर टाकणारे लांब हात बसवून घेतले. १९०८ ची ‘वायंडॉट’ ही त्यांतली आरंभीची. ह्यूलेट यंत्रे हळूहळू भंगारात गेली, त्यांचा धाडधाड आवाज बंदरांतून नाहीसा झाला.

बोटीवरचे जगणे : जुन्या बोटीवर दोन गावे असत. आपल्या आगबोटींवरच्या बोलीत सांगायचे तर नाळेकडच्या घरात कप्तान, मालम (कप्तानाखालचे अधिकारी), सुकाणी आणि डेकवरचे खलाशी. पिछाडीच्या घरात इंजिनवाले, आगवाले, तेलवाले आणि भंडारी, म्हणजे स्वयंपाकी. मधे दीड-दोनशे मीटरचा उघडा डेक. भटारखाना मागे असल्याने पुढच्या माणसाला जेवायला रोज तेवढे चालून जावे लागे, दिवसातून तीनदा, थंडीतही. डेकभर एक तार ताणलेली असे. लाटा वर येऊ लागल्या की तिला धरून जायचे. फारच वादळ असेल तर डेकखाली दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या अरुंद बोगद्यांतून. या बोगद्यातून वाकून पाहिले की लाटेवर चढताना बोट मधून हलकेच लवते ते दिसते, आणि ते तसेच व्हायला हवे. न लवणारे पोलाद तुटते.

पाळी चार तासांची, मग आठ तास विश्रांती, आणि असे महिनोन्‌महिने. वरची सरोवरे ते ईरीचा काठ ही ये-जा पाच-सहा दिवसांची असे. धक्क्याला लागताना एक तरुण खलाशी आडव्या काठीला लटकवलेल्या छोट्याशा फळीवर बसे. काठी बाहेर फिरवून त्याला दोरीने धक्क्यावर उतरवत, आणि तो धावत जाऊन दोरखंड खुंटाला अडकवे. नव्या माणसाची पहिली परीक्षा हीच. झाकणे उघडणे-लावणे हे दुसरे काम. जुन्या बोटींवर लाकडी फळ्या आणि वर ताडपत्री, नंतर एका तुकड्याची पोलादी झाकणे आली आणि ती उचलायला रुळांवरून सरकणारी यारी. तिला खलाशी ‘लोखंडी खलाशी’ म्हणत.

जेवण चांगले असे, आणि हे महत्त्वाचे आहे. कंटाळलेला खलाशी पुढच्या बंदरात उतरून दुसऱ्या बोटीवर जाऊ शकतो. त्याला धरून ठेवण्यात भंडाऱ्याचा हात मोठा. शनिवारी रात्री स्टेक हा जवळपास कायदाच. बोटी मालकाच्या प्रतिष्ठेच्याही असत. १९३८ ची ‘विल्यम ए. आयर्विन’ पोलाद कंपनीच्या ताफ्याची मानाची बोट होती, तिच्यावर पाहुण्यांसाठी लाकूडकाम केलेल्या खोल्या आणि वेगळे जेवणघर होते. मागे पिछाडीला आगवाला आगीशी राबत होता, हेही त्याच बोटीचे सत्य.

जानेवारीच्या मध्यापासून २५ मार्चपर्यंत सू लॉक बंद असते. बोटी बंदरात उभ्या राहतात, दुरुस्त्या होतात, खलाशी घरी जातात. वसंतात वेलंड कालव्यातून वर जाणाऱ्या पहिल्या बोटीच्या कप्तानाला उंच काळी टोपी मानाने देण्याचा रिवाज आहे.

नोव्हेंबर : प्रेमाच्या या गोष्टीत नोव्हेंबरची भीती कायम मिसळलेली आहे. थंड हवा अजून उबदार असलेल्या पाण्यावर येते आणि वादळे उठतात. सरोवरातल्या लाटा समुद्रातल्यापेक्षा जवळजवळ येतात, त्यामुळे लांब बोटीला एकीतून सावरायला वेळ मिळत नाही. १९१३ च्या नोव्हेंबरमधल्या वादळात १२ बोटी बुडाल्या आणि २५० हून अधिक माणसे गेली. १८ नोव्हेंबर १९५८ रोजी ‘कार्ल डी. ब्रॅडली’ मिशिगन सरोवरात तुटली. ३५ पैकी ३३ गेले, त्यांतले बहुतेक रॉजर्स सिटी या एकाच लहान गावचे. १९६६ मध्ये ह्यूरनवर ‘डॅनियल जे. मॉरेल’ दुभंगली. नाळेचा तुकडा जागेवर बुडत होता आणि इंजिन चालू असलेला पिछाडीचा तुकडा, दिवे लागलेले, माणसांसकट काही किलोमीटर पुढे निघून गेला. २९ जणांतला एकच वाचला, तो तराफ्यावर सुमारे ३८ तास होता. दोन गावांची ती ठेवण इतक्या भयंकर रीतीने कधीच उघडी पडली नसेल.

सर्वांत लक्षात राहिली ती ‘एडमंड फिट्झजेरल्ड’. १९५८ मध्ये पाण्यात उतरलेली २२२ मीटरची ही बोट तेव्हा सरोवरांवर सर्वांत लांब होती. तिचे नाव विमा कंपनीच्या ज्या अध्यक्षावरून ठेवले त्याचे आजोबा सरोवरावरचे कप्तान होते. तिचा एक कप्तान पीटर पल्सर नद्यांमधून जाताना ध्वनिवर्धकावर संगीत लावी, आणि सू लॉकमध्ये कर्णा घेऊन बाहेर येऊन काठावरच्या लोकांना बोटीची माहिती सांगे. लोकांना ती आपली वाटे ती अशी. १० नोव्हेंबर १९७५ च्या संध्याकाळी, व्हाइटफिश उपसागर सुमारे २७ किमी. वर असताना, ‘आम्ही तग धरून आहोत’ हा निरोप मागून येणाऱ्या ‘आर्थर एम. अँडरसन’ला मिळाला. त्यानंतर ‘फिट्झजेरल्ड’ रडारवरून गेली. २९ माणसे, एकाचाही देह मिळाला नाही. ‘अँडरसन’ सुखरूप उपसागरात पोचली होती. तिला शोधासाठी पुन्हा त्याच वादळात जाण्याची विनंती झाली, आणि ती गेली. १९९५ मध्ये बुडालेल्या बोटीची घंटा वर काढली आणि तिच्या जागी मृतांची नावे कोरलेली घंटा खाली ठेवली.

काठावरून : सुपीरियरकाठच्या डूलूथ बंदरात कालव्याच्या दोन भिंतींत जेमतेम ९० मीटर अंतर आहे. उचलपुलाखालून बोट आत येते तेव्हा खलाशाचा चेहरा दिसतो. ती तीन लांब, दोन आखूड असा भोंगा देते, पूल तसाच उत्तर देतो, आणि काठावरची मुले कान झाकून हसतात. सेंट क्लेअर नदीकाठी तर लोकांच्या परसातूनच बोटी जातात. डेट्रॉइटला वेस्टकॉट कंपनीची लहान बोट १८७४ पासून चालत्या बोटींना निरोप आणि पुढे टपालही पोचवत आली आहे. वरून दोरीला बादली सोडतात, पत्रे तिच्यात घालतात, बोट थांबत नाही. या पाण्यावरच्या पत्त्याला स्वतःचा पिनकोड आहे, ४८२२२.

निवृत्त बोटींपैकी काही संग्रहालये झाल्या : क्लीव्हलँडला १९२५ ची ‘विल्यम जी. मेदर’, डूलूथला ‘आयर्विन’, टोलीडोला १९११ ची ‘कर्नल जेम्स एम. स्कूनमेकर’, सू इथे १९१७ ची ‘व्हॅली कँप’. ‘व्हॅली कँप’च्या पोटात ‘फिट्झजेरल्ड’च्या दोन चेपलेल्या जीवरक्षक नावा ठेवल्या आहेत, आणि त्यांच्यापुढे लोक आपोआप हळू बोलतात. बाकीच्या शेकडो बोटी भंगारात गेल्या. २०२२ ची ‘मार्क डब्ल्यू. बार्कर’ ही १९८३ नंतर अमेरिकेत बांधलेली पहिली लेकर. तिची केबिन मागेच आहे. ‘सेंट मेरीज चॅलेंजर’चे इंजिन काढून तिचा बार्ज, म्हणजे दुसऱ्या बोटीने ढकलायचा पडाव, केला गेला, तो अजून सिमेंट वाहतो. तिची नाळेवरची केबिन मात्र कापून टोलीडोच्या संग्रहालयात, पाण्याच्या काठाशी आणून ठेवली आहे. आत जाऊन चाक हाताळता येते, आणि खिडकीतून मॉमी नदी दिसते.