ड्राय गॅस सील आलं ते तेलाच्या कटकटीतून

मिथेनच्या गळतीवर बोलणं निघालं की ड्राय गॅस सीलचं, म्हणजे कॉम्प्रेसरच्या फिरत्या शाफ्टभोवती तेलाशिवाय वायू अडवणाऱ्या भागाचं, नाव हमखास येतं, आणि तेही असं की जणू पर्यावरण डोळ्यांसमोर ठेवूनच कुणी ते घडवलं. तसं झालेलं नाही. कॉम्प्रेसर (वायू दाबणारी यंत्रं) चालवणारे लोक आधीच्या सीलमधलं तेल निस्तरून वैतागले होते, त्यातून हे सील रुळलं. पर्यावरणाचं श्रेय त्याला मागाहून मिळालं.

गोव्याला हा विषय परका नाही. झुआरीनगरच्या पठारावर 1973 पासून खताचा कारखाना आहे. युरियासाठी अमोनिया हवा, आणि अमोनियासाठी हायड्रोजन-नायट्रोजनचं मिश्रण शंभर बारच्या (हवेच्या दाबाच्या शंभरपट) वर दाबावं लागतं. 2013 मध्ये दाभोळ-बेंगळुरू वाहिनीची शाखा गोव्यात पोचली आणि कच्चा माल म्हणून नाफ्थ्याची (खनिज तेलातून निघणाऱ्या द्रवाची) जागा नैसर्गिक वायूने घेतली. असल्या कामाला जगभर मोठे सेंट्रिफ्युगल कॉम्प्रेसर वापरतात आणि त्या सगळ्यांपुढे प्रश्न एकच असतो. मिनिटाला दहा-दहा हजार फेरे घेणारा शाफ्ट केसिंगमधून बाहेर येतो, त्या फटीतला वायू अडवायचा कसा?

वाफेच्या टर्बाइनांपासून चालत आलेलं लॅबिरिंथ सील हा जुना उपाय. दात्यांच्या ओळी वायूची वाट अवघड करतात, बंद करत नाहीत. हवेसाठी ते पुरतं. ज्वालाग्राही किंवा विषारी वायूला चालत नाही.

म्हणून तेल आलं. शाफ्टभोवती दोन सैल बुश (कड्या), मध्ये वायूपेक्षा किंचित जास्त दाबाचं तेल. तो किंचित जास्तीचा दाब टिकावा म्हणून तेलाची टाकी कॉम्प्रेसरच्या काही मीटर वर चढवलेली. शिवाय पंप, राखीव पंप, कूलर, फिल्टर. आतल्या बाजूला झिरपलेलं तेल वायूने भरून जायचं. ते ट्रॅपमध्ये धरायचं, तापवून त्यातला वायू काढायचा, मग पुन्हा वापरायचं किंवा टाकून द्यायचं. काही तेल थेट प्रोसेसमध्ये जायचं आणि अमोनियाच्या कॅटॅलिस्टवर (उत्प्रेरकावर) बसायचं. कॉम्प्रेसर एक आणि त्याची सरबराई दहा जणांची, असा हा कारभार होता.

यातून सोडवणारी कल्पना, म्हणजे खाचांच्या मदतीने वायूच्याच पातळ थरावर रिंग तोलायची, बरीच आधी कागदावर आली होती. तिरप्या खाचांच्या बेअरिंगचं गणित ब्रिटनमध्ये हार्वेलच्या अणुसंशोधन केंद्रात व्हिपल यांनी 1951 च्या सुमारास मांडलं होतं. साठच्या दशकात नेदरलँड्समध्ये सर्पिल खाचांवर सखोल काम झालं. अमेरिकेतल्या क्रेन पॅकिंग कंपनीच्या जोसेफ सेडी यांना 1980 मध्ये सर्पिल खाचांच्या सीलचं पेटंट मिळालं, आणि त्या दशकात वायूवाहिन्यांवरच्या कॉम्प्रेसरांत ही सीलं बसू लागली.

युक्ती अशी. शाफ्टबरोबर फिरणाऱ्या कठीण कार्बाइडच्या रिंगवर काही मायक्रॉन खोल सर्पिल खाचा असतात. फिरताना त्या वायूला बाहेरून आत खेचतात. पुढे खाचा संपतात, सपाट पट्टा लागतो. वायू तिथे तुंबतो, दाब वाढतो आणि समोरची स्थिर कार्बन रिंग तीन ते पाच मायक्रॉन मागे सरते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. फट कमी झाली तर दाब वाढून ती रुंदावते, जास्त झाली तर मागची स्प्रिंग आणि वायूचा दाब रिंगला पुन्हा पुढे ढकलतात. रिंगा एकमेकींना टेकत नाहीत, त्यामुळे चालू असताना झीज जवळपास शून्य. थोडा वायू जातो, तो जाऊ द्यायचाच असतो.

पण एवढ्या फटीसाठी रिंगही तशाच सपाट लागतात. लॅपिंग केलेल्या, म्हणजे अगदी बारीक घासून सपाट केलेल्या, रिंगवर ऑप्टिकल फ्लॅट (अचूक सपाट काच) ठेवून एकरंगी प्रकाशात पट्टे बघतात. हेलियमच्या प्रकाशात एक पट्टा म्हणजे जेमतेम 0.3 मायक्रॉनचा फरक. पट्टे सरळ असले तर रिंग सपाट, वाकले तर परत लॅपिंगला. माझ्या मते या सीलचा निम्मा इतिहास या टेबलावर घडला. गणित तयार असून भागत नव्हतं.

पर्यावरणाचे आकडे नंतर पुढे आले. तेलाच्या सीलमधून, मुख्यतः तेलातला वायू काढताना, मिनिटाला 40 ते 200 घनफूट वायू जातो आणि कोरड्या सीलमधून फार तर 3 घनफूट, असा अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा अंदाज आहे.

तेल गेलं म्हणून कटकट संपली असं मात्र नाही. सीलला दिला जाणारा वायू स्वच्छ आणि कोरडा हवा. दाब उतरताना तो थंड होऊन त्यातले जड घटक द्रवरूप झाले, किंवा बेअरिंगचं तेल मधला नायट्रोजन वायूचा अडसर ओलांडून सीलमध्ये आलं, की खाचा भरतात. यंत्र सुरू करताना तर धोका सर्वाधिक, कारण सीलला स्वच्छ वायू ढकलणारा दाब कॉम्प्रेसरने अजून तयारच केलेला नसतो. फिल्टर, हीटर, बूस्टर असा लवाजमा पुन्हा उभा राहिला, आणि 2018 मध्ये अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने त्यासाठी एपीआय 692 हे वेगळं मानक काढलं.