‘आटोक्यात’ हा शब्द कुठून आला? माइंडफुलनेस, भावना आणि मेंदू: पार्श्वभूमी

आठ आठवडे माइंडफुलनेसचा, म्हणजे मनात-शरीरात आत्ता जे होते आहे ते न बदलता पाहण्याचा, सराव केला की अमिग्डाला, म्हणजे मेंदूतला भीतीसारख्या भावनांशी जोडलेला छोटा भाग, शांत होतो आणि भावना आटोक्यात येतात, हे वाक्य कार्यशाळांच्या जाहिरातींत आता ठरून गेलेले आहे. त्यातले ‘आठ आठवडे’ जुनाट दुखण्याच्या दवाखान्यातून आले, ‘अमिग्डाला’ मेंदूच्या स्कॅनरच्या खोलीतून आला, आणि ‘आटोक्यात’ हा शब्द मुळात माइंडफुलनेसचा नव्हेच. तो शेजारच्या संशोधनशाखेतून उसना आणलेला आहे, आणि बराचसा घोळ त्या उसनवारीत आहे.

१९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर शहरात, एका वैद्यकीय महाविद्यालयात, ज्यातून हे आठ आठवडे आले तो अभ्यासक्रम सुरू झाला तेव्हा त्याचे नाव ताण घटवणे आणि शिथिलीकरण एवढेच होते. १९८२ च्या पहिल्या अहवालात औषधांनी न हटलेल्या दुखण्याचे ५१ रुग्ण आहेत आणि अभ्यासक्रम दहा आठवड्यांचा आहे. आठ आठवडे ही पुढे बसलेली घडी: आठवड्याला सुमारे अडीच तासांचा एक वर्ग, घरी सहा दिवस रोज ४५ मिनिटे सराव आणि सहाव्या-सातव्या आठवड्याच्या सुमारास एक अख्खा दिवस मौन. पहिल्या वर्गात एकच मनुका न्याहाळत, हुंगत, सावकाश चघळत खायची. मग आडवे पडून बॉडी स्कॅन, म्हणजे डाव्या पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत लक्ष सरकवत नेणे.

हे लक्ष सरकवणे बर्मी परंपरेतले. इगतपुरीला १९७६ पासून भरणाऱ्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरांचे मूळही तिथलेच. तिथे पहिले साडेतीन दिवस फक्त श्वास, मग अंगावरच्या संवेदना. पण मात्रा पाहा. शिबिरात दिवसाला सुमारे दहा तास बैठक, वूस्टरच्या साच्यात पाऊण तास. मेंदूवरचे प्रशिक्षण-प्रयोग बहुतांशी या पाऊण तासावर झालेले आहेत. त्यांचे निष्कर्ष विपश्यनेच्या खात्यावर जमा करणे बरोबर नाही.

मूळ पाली शब्द ‘सति’, म्हणजे स्मृती. सिलोनमध्ये नोकरी केलेल्या एका इंग्रज पाली पंडिताने १८८१ मध्ये त्यासाठी ‘माइंडफुलनेस’ वापरला आणि तो टिकला. आठवण ठेवण्याचा अर्थ मात्र त्यात पुसट झाला. मराठीत ‘सती’ म्हटले की भलतेच डोळ्यांपुढे येते, म्हणून ‘सजगता’ रुळले. ‘वेदना’चीही तीच गत. पालीत ती सुखद, दुःखद किंवा दोन्ही नसलेली अशी कुठलीही संवेदना; आपल्याकडे नुसते दुखणे.

यापेक्षा जास्त गोंधळ ‘नियमन’ या शब्दाने घातला; जाहिरातीतले ‘आटोक्यात’ ते हेच. १९९८ मध्ये मांडलेल्या एका प्रारूपात भावनेचे नियमन पाच ठिकाणी होऊ शकते असे म्हटले होते: प्रसंग निवडताना, प्रसंग बदलताना, लक्ष दुसरीकडे वळवताना, प्रसंगाचा अर्थ बदलताना आणि अखेर प्रतिक्रिया व्यक्त होताना. प्रयोगशाळेत सर्वाधिक तपासल्या गेल्या त्या दोन पद्धती. एक अर्थ बदलण्याची, म्हणजे पुनर्मूल्यांकन. दुसरी चेहऱ्यावर काही न दाखवण्याची, म्हणजे दडपणे. दडपण्यात चेहरा शांत राहतो, पण शरीरातली खळबळ उलट वाढते, हे तोवर दिसून आले होते. मग २००२ मध्ये पुनर्मूल्यांकन स्कॅनरमध्ये गेले. चर्चबाहेर रडणाऱ्या बायकांचे चित्र दाखवायचे आणि त्या अंत्यविधीला नव्हे, लग्नाला आल्या आहेत असे समजायला सांगायचे, अशी ती रीत. कपाळामागच्या, विचार आणि नियंत्रणाशी जोडलेल्या प्रीफ्रंटल भागाचे काम वाढले, अमिग्डालाचे घटले. वरून ब्रेक दाबावा तसे हे चित्र इतके चपखल होते की पुढे भावनांचे नियमन म्हणजे हेच, असे धरून चालण्यात आले.

माइंडफुलनेसची सूचना मात्र याच्या बरोबर उलटी आहे. राग आला तर तो बदलू नका, त्याला चांगला अर्थ चिकटवू नका, छातीत नेमके काय होते आहे ते पाहा. इथे प्रसंगही बदलत नाही, अर्थही बदलत नाही. मग हे नियमन कसे? काहींनी त्याला लक्षाच्या खणात टाकले. काहींच्या मते ‘हा फक्त एक विचार आहे’ असे म्हणणे हेसुद्धा छुपे पुनर्मूल्यांकनच. तिसऱ्या गटाचे म्हणणे असे की बदल खालून होतो, म्हणजे भावना उठते तेव्हाच तिला दिला जाणारा प्रतिसाद वेगळा असतो आणि ब्रेक दाबायची वेळच येत नाही. वर्गातही हाच घोटाळा दिसतो. ‘नियमन’ शब्द ऐकून आलेला माणूस पहिले दोन आठवडे काहीच वाटू नये म्हणून झटत बसतो, म्हणजे दडपतो, आणि मग जमत नाही म्हणून सोडून देतो.

२००७ ते २०१२ या काळातले प्रयोग याच प्रश्नाभोवती फिरतात. २००७ च्या एका प्रयोगात रागीट किंवा घाबरलेला चेहरा दाखवून खाली दोन भावनांची नावे, किंवा दोन व्यक्तींची नावे देत. भावनेचे नाव निवडताना अमिग्डालाचा प्रतिसाद कमी भरला. सजगतेच्या प्रश्नावलीत जास्त गुण असणाऱ्यांत हा परिणाम अधिक ठळक होता, असे त्याच वर्षी दुसऱ्या अहवालात आले. त्यात प्रशिक्षण कोणालाच दिलेले नव्हते, पण बातम्यांत ते प्रशिक्षणाचे फळ म्हणून फिरले. २०१० मध्ये आठ आठवडे पूर्ण केलेले २० जण आणि प्रतीक्षा यादीतले १६ जण यांना करुण चित्रफिती दाखवल्या. दुःख दोघांनाही सारखेच वाटले. वेगळे होते ते मेंदूतले चित्र, शरीराच्या संवेदनांशी जोडलेले भाग प्रशिक्षितांत अधिक कामात होते. ‘आटोक्यात’ म्हणणाऱ्यांनी हा निष्कर्ष पुन्हा वाचायला हवा. पुढच्या वर्षी झेन साधकांवरच्या प्रयोगात नवख्यांचा अमिग्डाला मंदावला, पण हजार तासांहून अधिक बसलेल्यांचा नाही.

यातून २०१३ च्या आढाव्यात तडजोड निघाली: नवखे वरून ब्रेक दाबतात, मुरलेल्यांत बदल खालून होतो. मला ही तडजोड जरा जास्तच सोयीची वाटते. मुरलेले साधक चिठ्ठ्या टाकून निवडलेले नसतात. वर्षानुवर्षे बसणारा माणूस मुळातच वेगळ्या स्वभावाचा असू शकतो, आणि एकाच माणसाला नवखा ते मुरलेला असे माझ्या माहितीत कोणी स्कॅनरखाली पाहिलेले नाही.

मापनाच्या अडचणी वेगळ्याच. अमिग्डाला हवेच्या पोकळ्यांजवळ असल्याने एफएमआरआयमध्ये, म्हणजे रक्तप्रवाहावरून मेंदूचे काम मोजणाऱ्या स्कॅनमध्ये, तिथला संकेत विस्कटतो. श्वास मंदावला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो, रक्तवाहिन्या रुंदावतात आणि पेशींच्या कामात फरक न पडताही चित्र बदलते. ध्यानात तर श्वास मंदावणारच. श्वासाची नोंद घेतलेली नसेल तर निष्कर्षाकडे मी साशंकतेने पाहतो.

तुलना कोणाशी, हा प्रश्न मात्र फार उशिरा विचारला गेला. सर्वाधिक गाजलेल्या २०११ च्या अभ्यासात १६ प्रशिक्षित आणि १७ तुलनेचे होते, आणि सांगितलेल्या ४५ ऐवजी सराव सरासरी २७ मिनिटे झाला होता. स्मृतीशी जोडलेल्या हिप्पोकॅम्पससह काही भागांत ग्रे मॅटरची, म्हणजे मेंदूतल्या पेशीबहुल करड्या भागाची, घनता वाढली असे त्यात निघाले. पण तुलनेच्या गटाने काहीच केलेले नव्हते. गटात बसणे, आपुलकीने ऐकणारा शिक्षक, रोज स्वतःसाठी काढलेला वेळ, यांचा वाटा अशाने वेगळा काढताच येत नाही. शिवाय ताण शिगेला असताना नाव नोंदवणाऱ्याचा ताण दोन महिन्यांत एरवीही थोडा उतरतो. म्हणून तेवढ्याच तासांचा, तेवढ्याच गृहपाठाचा दुसरा अभ्यासक्रम रचण्यात आला: चालणे, व्यायाम, आहार, संगीत.

त्याच्याशी तुलना करून आणि प्रतीक्षा यादीही ठेवून २०२२ मध्ये २१८ जणांचा निकाल आला. आठ आठवड्यांनी मेंदूच्या रचनेत गटागटांत फरक नव्हता. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या ८४ शाळांतील आठ हजारांहून अधिक मुलांवरच्या चाचणीत शालेय माइंडफुलनेसचा नेहमीच्या वर्गांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. दवाखान्यातली स्थिती इतकी कोरडी नाही. २०१४ मध्ये ४७ चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा चिंतेवर आणि नैराश्यावर मध्यम दर्जाचा पुरावा मिळाला होता, आणि पुन्हा पुन्हा नैराश्य येणाऱ्यांसाठी ब्रिटिश मार्गदर्शिकेत माइंडफुलनेसवर आधारलेली उपचारपद्धत २००४ पासून आहे. लक्षणे कमी होतात, पण ती मेंदूच्या कोणत्या भागामुळे कमी होतात हे स्कॅनर अजून दाखवू शकलेला नाही.

२०२२ च्या अभ्यासात एक धागा लोंबकळत राहिला. ज्यांनी सराव जास्त केला त्यांच्यात उजवा अमिग्डाला किंचित आकसलेला दिसला. हे विश्लेषण शोधपर, म्हणजे खात्री करण्यासाठी नव्हे तर शक्यता चाचपण्यासाठी होते, आणि सरावाची मिनिटे तर सहभागींनी स्वतःच नोंदवलेली.