रॉबिन : कंपनीला नाही म्हणणारी गायिका

रॉबिनच्या कारकिर्दीत गाण्यांइतकंच महत्त्व करारांना आहे. ती पॉपची राणी झाली ती एक रेकॉर्ड कंपनी सोडून, दुसरी सोडून, शेवटी स्वतःचीच काढून.

रॉबिन मिरियम कार्लसन, जन्म १९७९, स्टॉकहोम. आईवडिलांची स्वतःची नाटकमंडळी, त्यामुळे लहानपण दौऱ्यांत गेलं. शाळेत कार्यशाळेसाठी आलेल्या मेया या गायिकेने तिला ऐकलं. पोरीने म्हटलेलं गाणं तिचं स्वतःचं होतं, आईवडिलांच्या घटस्फोटावरचं. शाळकरी वयातच तिच्या हाती करार पडला.

१९९५ च्या पहिल्या अल्बममधली दोन गाणी डेनिझ पॉप आणि मॅक्स मार्टिन या स्वीडिश संगीत-निर्मात्यांच्या हाताखाली तयार झाली होती. १९९७ मध्ये दोन्ही अमेरिकेत बिलबोर्ड या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या दहात पोचली. पुढच्याच वर्षी त्याच मॅक्स मार्टिनच्या गाण्याने ब्रिटनी स्पीअर्स जगभर पोचली. रॉबिनलाही तो रस्ता मोकळा होता. पण १९९९ च्या 'माय ट्रूथ'मध्ये तिने स्वतःच्या गर्भपाताबद्दल लिहिलं. अमेरिकेतल्या कंपनीला फेरफार हवे होते, तिने ते केले नाहीत आणि अल्बम तिकडे निघालाच नाही. विशीतल्या मुलीने अमेरिकेच्या बाजारावर असं पाणी सोडणं म्हणजे चेष्टा नव्हे.

मग ती जाइव्ह या दुसऱ्या कंपनीकडे गेली; तिथलं फारसं सांगण्यासारखं नाही. खरी ठिणगी पडली 'द नाइफ' या स्वीडिश बहीणभावांच्या जोडीमुळे. त्यांच्यासोबत केलेलं 'हूज दॅट गर्ल' थंड, टोकदार सिंथेसायझरचं होतं, आणि ते कंपनीच्या पचनी पडलं नाही. रॉबिनने पैसे भरून करारातून अंग काढून घेतलं आणि २००५ मध्ये 'कोनिचिवा रेकॉर्ड्स' सुरू केली. या स्वतःच्या कंपनीतल्या पहिल्याच अल्बमला नुसतं स्वतःचं नाव दिलं. तो स्वीडनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. २००७ मध्ये क्लेरुप या स्वीडिश संगीतकारासोबतचं 'विथ एव्हरी हार्टबीट' ब्रिटनमध्येही अव्वल ठरलं.

२०१० मध्ये तिने 'बॉडी टॉक' हप्त्याहप्त्याने काढला : आधी दोन छोटे अल्बम, मग वर्षअखेर मुख्य अल्बम. गाणी तयार होतील तशी बाहेर. दुसऱ्याच्या कंपनीत याला कोणी हो म्हटलं असतं, असं वाटत नाही. 'डान्सिंग ऑन माय ओन' यातलंच, पॅट्रिक बर्गर या गीतकार-निर्मात्यासोबत लिहिलेलं. क्लबच्या कोपऱ्यातून एक बाई आपल्या माणसाला दुसरीचं चुंबन घेताना बघते आणि तरी नाचत राहते. खालचा ठोका जराही हळवा होत नाही. रडू येतं ते त्यामुळेच. या गाण्याला ग्रॅमीचं नामांकन मिळालं, बक्षीस नाही. मार्च २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधला कार्यक्रम सुटल्यावर खालच्या मेट्रोच्या फलाटावर शेकडो लोक हेच गाणं एका सुरात म्हणत उभे होते.

मधल्या वर्षांत, २०१४ मध्ये, तिचा जुना सहकारी आणि मित्र ख्रिश्चन फॉक कर्करोगाने गेला, तिचं प्रेमाचं नातंही तुटलं. अधूनमधून इतरांसोबत छोटी कामं झाली, पण स्वतःचा पुढचा अल्बम 'हनी' यायला २०१८ चा ऑक्टोबर उजाडला. मध्ये आठ वर्षं गेली. कंपनी तिचीच असल्यामुळे तारखेसाठी तगादा लावणारं वर कोणी नव्हतं.