सर्व प्रकारच्या गाण्यांसाठी एकच इलेक्ट्रिक गिटार निवडताना

काही वर्षे वाजवून गिटारवर हात बसला आणि मिळकतही स्थिरावली, की अनेक ग्राहक आमच्या दुकानात एकच मागणी घेऊन येतात: आता एकच गिटार घ्यायची, पण चांगली घ्यायची आणि तिच्यावर सगळे वाजले पाहिजे. दीड लाखापासून साडेतीन लाख रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी असलेल्या अशा ग्राहकांसाठी हे माहितीपत्रक आम्ही तयार केले आहे. या रकमेत नामांकित कंपनीची निकृष्ट गिटार सहसा मिळत नाही; मात्र आपल्या कामाला न जुळणारी गिटार सहज गळ्यात पडू शकते आणि मग ती वर्षभर केसमध्येच राहते. म्हणून आमचे मत सुरुवातीलाच सांगतो. गिटार किती प्रकारच्या कामांना पुरेल हे मुख्यतः तिचे पिकअप (तारांखाली बसवलेले चुंबकीय भाग), ते निवडण्याच्या स्विचची रचना आणि तिचा नेक (डाव्या हाताने धरायचा लांब दांडा) या तीन गोष्टींवर ठरते. कंपनीचे नाव, लाकडाची नक्षी आणि रंग यांचा विचार त्यानंतर करावा.

आपल्याला नेमके काय वाजवायचे आहे

गणेशोत्सवात किंवा लग्नाच्या स्वागतसमारंभात वाजवणाऱ्या वाद्यवृंदातील गिटारवादकाला एकाच संध्याकाळी फार वेगवेगळी कामे करावी लागतात. जुन्या चित्रपटगीतांत स्वच्छ, पातळ आवाजात तालाचे तुटक कॉर्ड हवे असतात, भावगीतात गायकाच्या दोन ओळींच्या मधल्या जागा हलक्या हाताने भरायच्या असतात आणि त्यानंतर लगेच एखाद्या नव्या मराठी चित्रपटगीतात जाड डिस्टॉर्शनवर, म्हणजे मुद्दाम फाटल्यासारख्या केलेल्या आवाजावर, पॉवर कॉर्ड (दोन स्वरांचे जोरकस कॉर्ड) वाजवायचे असतात. गोव्यात तर अनेक वादक रविवारी सकाळी चर्चमध्ये आणि रात्री नाचाच्या बँडमध्ये तीच गिटार वापरतात. दुकानात येण्यापूर्वी आपण खरोखर वाजवणार असलेल्या गाण्यांची यादी कागदावर लिहून आणावी, असे आम्ही प्रत्येक ग्राहकाला सुचवतो. त्या यादीतील बहुतेक गाणी हेवी मेटल असतील किंवा बहुतेक जॅझ असतील, तर आपल्याला अष्टपैलू गिटारची गरजच नाही. त्या एका शैलीसाठी घडवलेली गिटार घ्यावी आणि ती आम्ही आनंदाने दाखवू.

पिकअप

या विषयावर थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आवाजातील सर्वांत मोठा फरक इथे पडतो. तारेच्या कंपनाचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारा पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची तार. फेंडर कंपनीने १९५४ साली बाजारात आणलेल्या स्ट्रॅटोकास्टरवर असे तीन सिंगल कॉइल पिकअप आहेत. त्यांचा आवाज स्वच्छ आणि टोकदार असतो, प्रत्येक तार वेगळी ऐकू येते आणि जुन्या गाण्यांतील तालाचे काम त्यांच्यावर फार सुंदर होते. त्यांचा दोष हा की आजूबाजूच्या विद्युत उपकरणांची गुणगुणही ते तितक्याच तत्परतेने पकडतात. आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्यामुळे ही गुणगुण खर्जात ऐकू येते. घरात ती फारशी त्रासदायक वाटत नाही, परंतु मंडपात जनरेटर, डिमरवरचे दिवे, एलईडीची भिंत आणि सदोष अर्थिंग एकत्र आले की दोन गाण्यांमधल्या शांततेत ती सर्व श्रोत्यांना ऐकू जाते.

गिब्सन कंपनीतील अभियंते सेथ लव्हर यांनी १९५५ च्या सुमारास विकसित केलेल्या हमबकर पिकअपने हा प्रश्न सोडवला आणि १९५७ पासून तो लेस पॉल गिटारवर बसू लागला. त्यात दोन कॉइल शेजारीशेजारी असतात आणि त्यांची चुंबकीय दिशा व गुंडाळी परस्परविरुद्ध ठेवलेली असते. त्यामुळे तारेचा आवाज दोन्हींत मिळून वाढतो, तर बाहेरून आलेली गुणगुण एकमेकींना छेदून नाहीशी होते. आवाज जाड, गोल आणि जोरकस होतो. मोबदल्यात वरच्या पट्टीतील चमक थोडी कमी होते. डिस्टॉर्शनवर वाजवायचे असेल तर हा आवाज भरदार लागतो, पण स्वच्छ आवाजातील वेगवान तालात तो काहीसा जड वाटतो.

अष्टपैलू गिटार म्हणजे या दोन्ही स्वभावांना एका वाद्यात आणण्याचा प्रयत्न होय. त्याचे दोन रूढ मार्ग आहेत. पहिल्यात ब्रिजजवळ (बॉडीवर तारा जिथे टेकतात तिथे) हमबकर आणि मध्ये व नेकजवळ सिंगल कॉइल बसवतात. याला एचएसएस (हमबकर-सिंगल-सिंगल) रचना म्हणतात. दुसऱ्यात दोन्ही बाजूंना हमबकर असतात आणि नॉब ओढून किंवा स्विच फिरवून त्यातील एक कॉइल बंद करता येते. याला कॉइल स्प्लिट म्हणतात. आमच्या ग्राहकांपैकी वाद्यवृंदात वाजवणाऱ्यांना आम्ही बहुधा पहिला मार्ग सुचवतो. नेकजवळचा आणि दोन पिकअपांच्या मधला आवाज हा जुन्या गाण्यांचा प्राण असतो आणि स्प्लिट केलेला हमबकर तिथे खऱ्या सिंगल कॉइलच्या जवळ जातो, पण बहुधा त्याच्या बरोबरीला येत नाही. शिवाय अनेक गिटारवर स्प्लिट करताच आवाज एकदम खाली जातो आणि चालू गाण्यात तो सावरणे कठीण होते. तसेच स्प्लिट केल्यावर हमबकरची गुणगुण रोखण्याची शक्तीही जाते. याउलट आपला निम्म्याहून अधिक वेळ जाड आवाजात जाणार असेल, तर दोन हमबकरची गिटार अधिक योग्य ठरेल.

स्ट्रॅटोकास्टरवर सुरुवातीला तीन जागांचाच स्विच होता. वादक तो दोन जागांच्या मध्ये अडकवून दोन पिकअपांचा मिश्र आवाज काढत असत आणि कंपनीने पाच जागांचा स्विच १९७७ मध्ये दिला. आज मधला पिकअप उलट गुंडाळीचा असेल, तर दुसऱ्या आणि चौथ्या जागेवरही गुणगुण नाहीशी होते. पिकअप निवडताना हा प्रश्न विक्रेत्याला अवश्य विचारावा. आणखी एक बारकावा सांगतो. सिंगल कॉइलला साधारणपणे २५० किलोओहमचा आणि हमबकरला ५०० किलोओहमचा पॉट (नॉबखालचा फिरता रोधक) लावतात. एचएसएस गिटारमध्ये दोन्ही एकत्र असल्यामुळे हा तोल कंपनीने विचारपूर्वक साधलेला असावा लागतो. नाहीतर हमबकर मंद वाटतो किंवा सिंगल कॉइल कर्कश वाटतात.

या रकमेत पाहण्याजोग्या गिटारमध्ये फेंडरच्या अमेरिकन प्रोफेशनल मालिकेतील एचएसएस स्ट्रॅटोकास्टर, २०१८ मध्ये आलेली आयबानेझची एझेड मालिका, यामाहाची जपानमध्ये बनणारी पॅसिफिका प्रोफेशनल आणि दोन हमबकर हवे असल्यास पीआरएसची कस्टम २४ यांचा आम्ही आवर्जून उल्लेख करतो. कस्टम २४ ची अमेरिकेत बनणारी आवृत्ती या रकमेच्या बाहेर जाऊ शकते. त्याच कंपनीच्या एसई मालिकेतील गिटार मात्र रकमेत बसून पैसे उरवते आणि आम्हांला तिच्याबद्दल आदर आहे. लेस पॉल स्टँडर्ड ही थोर गिटार आहे, पण एकच गिटार बाळगणाऱ्याची पहिली निवड ती असावी असे आम्हांला वाटत नाही. तिचे वजन अनेकदा चार किलोच्या वर जाते आणि तीन तास उभे राहून वाजवणाऱ्याच्या डाव्या खांद्याला ते जाणवते.

नेक आणि गायकाची पट्टी

आपल्याकडे गाण्याची पट्टी गायक ठरवतो. पुरुष गायक काळी एक किंवा काळी दोन सांगतो, गायिका काळी चार किंवा काळी पाच सांगते. काळी एक म्हणजे सी शार्प आणि काळी चार म्हणजे जी शार्प. या पट्ट्यांत मोकळ्या तारांचा उपयोग जवळजवळ होत नाही आणि संपूर्ण कार्यक्रम बार कॉर्डवर, म्हणजे एका बोटाने सर्व तारा आडव्या दाबून, काढावा लागतो. म्हणून पहिल्या फ्रेटपासून (फ्रेट म्हणजे नेकवरील धातूच्या आडव्या पट्ट्या) पाचव्या फ्रेटपर्यंत बार कॉर्ड धरून दहा मिनिटे सतत वाजवून पाहावे आणि अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागते का, याकडे लक्ष द्यावे. सुंदर गिटारही या कसोटीत नापास होऊ शकते.

स्केल, म्हणजे नट (नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) ते ब्रिज हे तारेच्या कंप पावणाऱ्या भागाचे अंतर, फेंडरवर २५.५ इंच, पीआरएसवर २५ इंच आणि गिब्सनवर २४.७५ इंच असते. स्केल लांब असेल तर त्याच जाडीच्या तारा अधिक ताणल्या जातात आणि आवाज अधिक स्पष्ट येतो. स्केल आखूड असेल तर तार ओढणे सोपे जाते. फ्रेटबोर्डची गोलाईही पाहावी. जुन्या धर्तीच्या फेंडरवर तिची त्रिज्या ७.२५ इंच, म्हणजे फार गोल असते, तर आधुनिक गिटारवर ती ९.५ ते १२ इंच किंवा त्याहून सपाट असते. मराठी आणि हिंदी गाण्यांत मींड घेण्यासाठी तार बरीच ओढावी लागते आणि जास्त गोल फ्रेटबोर्डवर अ‍ॅक्शन (तारांची फ्रेटबोर्डपासूनची उंची) खाली असल्यास वरच्या फ्रेटवर ओढलेली तार मध्येच मुकी होते. पंधराव्या फ्रेटवर पहिली तार दोन स्वरांनी ओढून सूर शेवटपर्यंत टिकतो का, हे दुकानातच पाहावे.

मुंबई, कोकण किंवा गोव्यात राहणाऱ्या ग्राहकांना आम्ही शक्यतो स्टेनलेस स्टीलचे फ्रेट घेण्यास सांगतो. दमट हवेत आणि घामाच्या हाताने नेहमीचे निकेल सिल्व्हरचे फ्रेट काळवंडतात आणि तार ओढताना खरखरतात. स्टीलचे फ्रेट गुळगुळीत राहतात आणि झिजतातही फार हळू.

ब्रिज

एकच गिटार घेऊन मंचावर जाणाऱ्याने मागेपुढे दोन्हीकडे तरंगणारा ट्रेमोलो ब्रिज (दांडा हलवून सूर वरखाली करता येणारा ब्रिज) टाळावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. अशा ब्रिजवर एक तार तुटली की उरलेल्या पाचही तारा सुरातून सुटतात आणि गाणे थांबवावे लागते. ब्रिज बॉडीवर टेकवून फक्त खालच्या दिशेने हलेल असा बसवून घ्यावा. ते काम आम्ही करून देतो.

लाकूड, हवामान आणि कागदपत्रे

सॉलिड बॉडी इलेक्ट्रिक गिटारच्या आवाजात लाकडाचा वाटा पिकअपच्या मानाने कमी असतो; लाकडाचा विचार वजन आणि नेकचा टिकाऊपणा यांसाठी करावा. अनेक विदेशी गिटारच्या फ्रेटबोर्डसाठी वापरली जाणारी शिसवी भारतातील असते आणि हीच शिसवी आपल्या सह्याद्रीतही वाढते. या झाडाच्या संपूर्ण वंशावर (डालबर्जिया) २ जानेवारी २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले होते, परंतु नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली आहे. ब्राझीलमधील शिसवीला मात्र ही सूट नाही. म्हणून परदेशातील नातेवाइकांकडून १९६० च्या दशकातील किंवा त्याआधीची गिटार आणवण्याचा विचार असेल, तर तिचा फ्रेटबोर्ड कोणत्या लाकडाचा आहे याची आधी खात्री करावी.

पावसाळ्यात हवेतील दमटपणामुळे लाकूड फुगते, नेकचा बाक बदलतो आणि तारा वर उचलल्या जातात किंवा फ्रेटला घासू लागतात. हा गिटारचा दोष नव्हे. ट्रस रॉड (नेकच्या आतील धातूची सळई) पाव फेरा फिरवून तो बाक पूर्ववत करता येतो. हवेतील आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असावी हे आदर्श झाले, पण जुलै महिन्यात मुंबईतील घरात ते शक्य नसते. तेव्हा गिटार भिंतीवर उघडी टांगू नये, केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी आणि पुड्या वेळोवेळी बदलाव्यात. नायट्रोसेल्युलोज लॅकरचे फिनिश असलेली गिटार साध्या रबरी स्टँडवर ठेवू नये, कारण रबराची प्रक्रिया होऊन फिनिशवर कायमचे डाग पडतात.

पैशांची विभागणी

सर्व रक्कम गिटारवरच खर्च करू नये. एकूण रकमेचा किमान चौथा हिस्सा अ‍ॅम्प किंवा प्रोसेसर, भक्कम केस, चांगली केबल आणि सेटअप (तारा, नेक व ब्रिज नीट जुळवून घेणे) यांसाठी राखून ठेवावा. दोन लाखांची गिटार हलक्या अ‍ॅम्पवर लावली तर ऐकणाऱ्याला अ‍ॅम्पच ऐकू येतो. लोकलने किंवा एसटीने प्रवास करणाऱ्यांनी मऊ बॅगेवर विसंबू नये, विशेषतः महोगनीचा नेक आणि मागे झुकलेला हेडस्टॉक असलेल्या गिटारच्या बाबतीत, कारण गिटार पडली की ती बहुधा तिथेच तुटते. अमेरिकेहून अ‍ॅम्प आणवणार असाल तर तो १२० व्होल्टचा असतो आणि आपल्या २३० व्होल्टवर थेट लावल्यास जळतो, हे ध्यानात ठेवावे. गिटार मात्र कोणत्याही देशातून आणली तरी विजेच्या दाबाचा प्रश्न येत नाही.

दुकानात गिटार तपासताना

प्रथम ती अ‍ॅम्पला न जोडता वाजवावी. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवून कुठे भणभणते का आणि कुठे सूर लवकर मरतो का हे ऐकावे. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची दीड ते दोन मिलिमीटर असावी. त्यानंतर अ‍ॅम्पवर थोडे डिस्टॉर्शन ठेवून गिटारचा व्हॉल्यूम नॉब दहावरून पाचवर आणावा: चांगल्या गिटारचा आवाज स्वच्छ होतो पण बोथट होत नाही. मंचावर पायाशी पेडलची रांग नसताना हा एक नॉब अनेक पेडलचे काम करतो, म्हणून ही तपासणी आम्ही ग्राहकाला स्वतः करायला लावतो. शेवटी पाचही स्विचच्या जागांवर एकच ओळ वाजवून आवाजाच्या पातळीत किती फरक पडतो ते पाहावे.

येताना आपला नेहमीचा पेडल किंवा प्रोसेसर आणि वर सांगितलेली गाण्यांची यादी बरोबर आणावी. शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी यावे, म्हणजे गर्दी नसताना दोन-तीन गिटार निवांत वाजवून पाहता येतील. आमच्याकडून घेतलेल्या गिटारला पक्के बिल, कंपनीचे वॉरंटी कार्ड आणि त्यावर नोंदलेला सिरियल नंबर मिळेल. पहिला सेटअप आपल्या आवडीच्या तारांवर, आपल्यासमोर करून दिला जाईल, आणि पहिला पावसाळा संपल्यावर गिटार परत आणल्यास नेकची तपासणी व दुरुस्ती विनामूल्य केली जाईल.